नव्या गाडीची परीक्षणे : किती मोजलेले, किती जाणवलेले?

मोटारगाड्यांची परीक्षणे विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण नव्या गाडीचे परीक्षण हा एक प्रकारचा प्रयोगाचा अहवालच असतो. त्यात उपकरण असते, निरीक्षक असतो, आकडे असतात आणि शेवटी निष्कर्ष असतो. आपल्या वर्गातल्या नववी-दहावीच्या मुलांना, विशेषतः ज्यांना पाठ्यपुस्तकातले घर्षण कंटाळवाणे वाटते त्यांना, हे अहवाल तोंडपाठ असतात. कोणती गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते हे ती न अडखळता सांगतात. तो आकडा कोणी मोजला, कसा मोजला, हे मात्र विचारत नाहीत. म्हणून एका गाजलेल्या गाडीची पहिली परीक्षणे तराजूत घालून पाहायची असे आम्ही ठरवले. गाडी निवडताना मुद्दाम थोडी जुनी निवडली. पहिल्या मतांचे पुढे काय झाले हे तपासायला मधला काळ हाताशी असलेला बरा.

ही गाडी म्हणजे २०१४ साली आलेली बीएमडब्ल्यूची चार दारांची एम-३ आणि तिचीच दोन दारांची बहीण, एम-४ कूपे. १९८६ पासून या घराण्याला एम-३ हे एकच नाव होते. २०१४ मध्ये प्रथमच कूपेला वेगळे नाव मिळाले. त्याहून मोठा बदल बॉनेटखाली झाला. आधीच्या, म्हणजे २००७ च्या पिढीत चार लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. ते हवा स्वतःच ओढून घेई आणि मिनिटाला ८३०० फेऱ्यांवर ४२० अश्वशक्ती देई. नव्या गाडीत तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन आले. त्याला दोन टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे दोन पंखे, जोडलेले होते. त्याची शक्ती ४३१ अश्वशक्ती.

बऱ्याच परीक्षकांनी ही गाडी प्रथम चालवली ती मे २०१४ मध्ये, पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, अल्गार्व्ह भागातल्या पोर्तिमाओ येथील शर्यतीच्या मार्गावर आणि आसपासच्या रस्त्यांवर. त्यानंतर ब्रिटन, जर्मनी, अमेरिका येथील मासिकांत एकापाठोपाठ एक परीक्षणे आली. त्यांचा सूर साधारण सारखा होता. वेग, ताकद, हलकेपणा आणि ब्रेक यांचे कौतुक. आवाज, स्टिअरिंग आणि मागच्या चाकांची पकड यांविषयी कुरकुर. या कौतुकाचे आणि कुरकुरीचे वजन किती धरायचे, हा आमचा विषय.

एकाच पंगतीतले साक्षीदार

पहिली गोष्ट साक्षीदारांची. वीस परीक्षकांनी एकच गोष्ट सांगितली की ती वीसपट खरी वाटते. पण साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच असे म्हणता येते. गाडीच्या पहिल्या चालवणुकीचा कार्यक्रम कंपनीच आखते. रस्ता ती निवडते, हंगाम ती निवडते, गाड्या ती तयार करून ठेवते. त्यांवर बहुधा महागडी जादा साधने बसवलेली असतात. येण्याजाण्याचा आणि मुक्कामाचा खर्चही बहुतेक वेळा तीच करते. परीक्षक रात्री एकाच पंगतीला जेवतात आणि दिवसभराचा अनुभव एकमेकांना सांगतात. यात लबाडीच असते असे नव्हे. पण अशा वीस मतांना वीस स्वतंत्र प्रयोगांचा मान देता येत नाही. शाळेत एकाच तापमापकावरून वीस मुलांनी वाचन घेतले तर तापमापकातली चूक वीस वेळा उतरते. इथेही तसेच होते.

त्यात आणखी एक गुंता होता. या गाडीत स्टिअरिंगचा जडपणा, इंजिनाचा तत्परपणा आणि, जादा पैसे भरून घेतल्यास, शॉक अब्सॉर्बरचा कडकपणा अशा तीन गोष्टींना प्रत्येकी तीन पायऱ्या होत्या. म्हणजे एकूण सत्तावीस गाड्या एकाच पत्र्याखाली. ‘स्टिअरिंग जड आहे’ असे लिहिणारा परीक्षक त्या वेळी कोणत्या पायरीवर होता, हे न सांगणारे परीक्षण आम्ही अपुरे समजतो. प्रयोगाच्या वहीत परिस्थिती नोंदवली नाही तर गुण कापतात. तोच नियम इथेही लावावा.

तपासून पाहिलेले आणि उतरवून घेतलेले आकडे

आता शक्तीचे आकडे पाहू. ४२० ची ४३१ झाली. म्हणजे वाढ जेमतेम अडीच टक्के. मथळ्यात हेच दोन आकडे देणाऱ्या परीक्षणांनी वाचकाची दिशाभूल केली असे आम्हांला वाटते. खरा बदल शक्तीत नव्हता, तो होता फिरवण्याच्या जोरात, ज्याला टॉर्क म्हणतात त्यात. जुन्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ४०० न्यूटन-मीटर होता आणि तो ३९०० फेऱ्यांना मिळे. नव्याचा ५५० न्यूटन-मीटर, आणि तो १८५० पासून ५५०० फेऱ्यांपर्यंत सपाट.

या दोन राशींचा संबंध मुलांना फळ्यावर दाखवता येतो. टॉर्कला मिनिटातल्या फेऱ्यांनी गुणावे आणि ९५४९ ने भागावे, म्हणजे किलोवॅटमध्ये शक्ती मिळते. ५५० गुणिले ५५००, भागिले ९५४९ म्हणजे ३१७ किलोवॅट. एका अश्वशक्तीला ०.७३५५ किलोवॅट धरले की बरोबर ४३१ येतात. कंपनीचे दोन आकडे एकमेकांशी जुळतात, हा ताळा कोणालाही दोन ओळींत करता येतो. आता याच सूत्राने २००० फेऱ्यांवरची शक्ती काढू. नवे इंजिन तिथे ११५ किलोवॅट देते. जुने इंजिन त्याचा सर्वाधिक टॉर्क तिथे देत होते असे उदारपणे धरले, तरी ८४ किलोवॅटच्या वर जात नाही. गावातून जाताना, घाटात, पुढच्या वाहनाला ओलांडताना चालकाला दोन पिढ्यांमधला जो फरक जाणवला तो हा. ज्या परीक्षणांनी अकरा अश्वशक्तींऐवजी ही गोष्ट समजावली ती आमच्या मते पहिल्या वर्गाची.

वजनाचे काय? कंपनीने कूपेचे वजन १४९७ किलो दिले आणि आधीच्या पिढीपेक्षा सुमारे ८० किलो बचत झाल्याचे सांगितले. हा आकडा जर्मन मानकानुसारचा, चालकाशिवाय मोजलेला. युरोपीय मानकानुसार त्यात चालक आणि थोडे सामान मिळून ७५ किलो धरतात. मग तीच गाडी १५७२ किलोची होते. बचत ८० किलोंची आणि दोन व्याख्यांमधला फरक ७५ किलोंचा! जुन्या गाडीचा आकडा एका व्याख्येचा आणि नवीचा दुसऱ्या व्याख्येचा घेतला, तर सगळी बचत कागदावरच नाहीशी होईल. म्हणून कोणतीही तुलना वाचताना दोन्ही आकडे एकाच तराजूवरचे आहेत ना, हे आधी पाहावे.

शून्यापासून शंभरच्या वेगाचेही असेच आहे. दोन क्लचच्या गिअरबॉक्ससह नव्या गाडीला ४.१ सेकंद लागतात, जुनीला ४.६ लागत, असे कंपनी सांगते. अर्ध्या सेकंदाची ही प्रगती मोठीच आहे. पण अमेरिकेतील अनेक मासिके शर्यतींच्या तिथल्या रिवाजाप्रमाणे पहिला एक फूट सोडून देतात आणि मग घड्याळ सुरू करतात. नव्या गाडीचे सरासरी त्वरण सेकंदाला सेकंदाला ६.८ मीटर येते. या त्वरणाने एक फूट, म्हणजे ०.३०५ मीटर अंतर कापायला ०.३ सेकंद लागतो आणि तोवर गाडीचा वेग ताशी सात किलोमीटर झालेला असतो. शिवाय ती मासिके ताशी साठ मैलांपर्यंत मोजतात. साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. उरलेल्या ३.४ किलोमीटरच्या वेगासाठी आणखी दीड-दोन दशांश सेकंद धरावे लागतात. दोन्ही मिळून जवळजवळ अर्धा सेकंद होतो. दोन पिढ्यांमधली सगळी प्रगती दोन देशांच्या मोजणीच्या रिवाजांत मावते! जी मुले सेकंदाच्या दशांशावरून मधल्या सुटीत भांडतात त्यांना हे गणित अवश्य करायला द्यावे.

सर्वांत कच्चा आकडा

या परीक्षणांतला आम्हांला सर्वांत न पटलेला भाग इंधनाचा. साध्या गिअरबॉक्सच्या जुन्या कूपेला शंभर किलोमीटरना १२.४ लिटर लागत, नवीला ८.८, असे आकडे होते. म्हणजे लिटरला आठ किलोमीटरवरून अकरांवर. अनेक परीक्षणांत ते शेवटच्या तक्त्यात, मोजलेल्या सेकंदांच्या शेजारी, त्याच टाइपात छापलेले असत. वाचकाला दोन्ही सारखेच वाटत. पण हे आकडे त्या काळच्या युरोपीय चाचणीतले होते. ती चाचणी प्रयोगशाळेत रुळांवर सुमारे वीस मिनिटे चाले. अंतर अकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आत, आणि शून्यापासून पन्नासपर्यंत जायला सव्वीस सेकंद! जी गाडी चार सेकंदांत शंभर गाठते म्हणून तिची स्तुती करायची, तिचा खुराक मोजताना मात्र तिला सायकलस्वारासारखे हळूहळू चालवायचे, असा हा प्रकार. टर्बोचार्जर असलेले लहान इंजिन हलक्या भाराखाली काटकसरीने चालते आणि जोर लावला की भरपूर पेट्रोल मागते. त्यामुळे अशा चाचणीत ते जास्तच उजळ दिसते.

या चाचणीतले दोष पुढे अधिकृतपणे मान्य झाले. सप्टेंबर २०१७ पासून युरोपात नव्या प्रकारच्या गाड्यांना अधिक लांब, अधिक वेगवान आणि वास्तवाला अधिक जवळची चाचणी लागू झाली. आपल्याकडे लिटरला इतके किलोमीटर म्हणून जाहिरातीत जो आकडा येतो, पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा, तोही बराच काळ त्याच जुन्या युरोपीय चाचणीच्या भारतीय आवृत्तीवर आधारलेला राहिला. तिच्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर ठेवलेला असतो. तेव्हा जाहिरातीतला आकडा आणि आपल्या स्कूटरच्या शेजारी उभ्या असलेल्या मोटारीचा प्रत्यक्ष आकडा का जुळत नाही, याचे उत्तर मुलांना इथेच मिळेल.

षड्ज आणि पंचम

आता जाणिवांकडे वळू. सर्वांत मोठी तक्रार आवाजाची होती. जुने इंजिन गाई, नवे नुसते घोरते, अशा आशयाची. हे नुसते जुन्याचे प्रेम म्हणून सोडून द्यावे का? थोडा हिशेब करू. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. आठ सिलिंडरांचे इंजिन एका फेरीत चार स्फोट करते, सहाचे तीन. जुने इंजिन ८३०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५५३ स्फोट करी. नवे, आपली शक्ती ज्या ७३०० फेऱ्यांपर्यंत टिकवते तिथे, ३६५ करते. या दोन संख्यांचे गुणोत्तर जवळजवळ ३ : २ आहे. संगीत जाणणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. नव्या इंजिनाचा स्वर षड्ज मानला, तर जुने त्याच्या पंचमावर गाई. त्यात भर म्हणजे टर्बोचार्जरची पाती धुराच्या झोतातली ऊर्जा काढून घेतात, त्यामुळे आवाजाचे ठोके आधीच बोथट होतात. तेव्हा परीक्षकांच्या कानांनी दिलेली साक्ष भौतिकशास्त्राच्या बाजूची होती.

कंपनीने या उणिवेवर काढलेला उपाय म्हणजे गाडीतल्या ध्वनिवर्धकांतून इंजिनाच्या आवाजाची भर घालणे. त्यावर परीक्षक चिडले, आणि आमच्या मते ते चिडणे रास्त होते. आवाज गोड की कडू हा रुचीचा प्रश्न झाला. पण चालकाला जो आवाज यंत्राची बातमी म्हणून ऐकू येतो, त्यात बनावट भर घालणे म्हणजे मापकाचा काटा हाताने सरकवण्यासारखे आहे.

स्टिअरिंगच्या तक्रारीचेही असेच. जुन्या गाडीत तेलाच्या दाबाची मदत होती, नवीत विजेच्या मोटरची. विजेची मोटर गरज असेल तेव्हाच ऊर्जा घेते, म्हणून इंधन वाचते. पण ‘रस्ता हाताला कळत नाही’ असे परीक्षक लिहीत. या वाक्याला ठोस अर्थ आहे. वळणावर पुढची चाके स्वतःहून सरळ व्हायला पाहतात आणि तो ओढा चालकाच्या हाताला लागतो. टायरची पकड संपत आली की, ती पूर्ण सुटण्याच्या आधीच, हा ओढा कमी होऊ लागतो. स्टिअरिंग हलके पडते. चालकाला मिळणारी ही घसरण्यापूर्वीची सूचना होय. मधल्या मोटरचे जडत्व, घर्षण आणि तिला चालवणारी आज्ञावली यांनी ही सूचना गाळली गेली, तर चालकाकडे येणारी माहिती खरोखरच घटते. ‘जाणवत नाही’ ही तक्रार म्हणून भावनेची नसून माहितीच्या तुटीची आहे.

तिसरी तक्रार मागच्या चाकांच्या पकडीची. ती पोर्तुगालच्या कोरड्या उन्हात दबलेल्या आवाजात आली आणि हीच गाडी ब्रिटनच्या ओल्या, उंचसखल रस्त्यांवर गेल्यावर ठळक झाली. कारण उघड आहे. ६.८ हे सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे सत्तर टक्के होते. फक्त मागची दोन चाके गाडीला ढकलत असताना कोरड्या रस्त्यावरही हे घर्षणाच्या मर्यादेच्या अगदी काठावरचे काम आहे. रस्ता ओला झाला की घर्षणाचा गुणांक घसरतो, पण इंजिनाचा टॉर्क १८५० फेऱ्यांपासून तसाच उभा असतो. खड्ड्यावरून चाक उचलले गेले तर ते क्षणात फिरू लागते. इथे साक्षीदारही खऱ्या अर्थाने स्वतंत्र होते. देश वेगळा, रस्ता वेगळा, गाडी वेगळी, पंगत वेगळी. म्हणून या तक्रारीचे वजन आम्ही सर्वांत जास्त धरतो.

काळाने दिलेला निकाल

पुढे काय झाले? २०१६ साली कंपनीने याच गाडीसाठी ‘काँपिटिशन’ नावाचा संच आणला. त्यात ४५० अश्वशक्ती होतीच. पण त्याबरोबर स्प्रिंगा बदलल्या, शॉक अब्सॉर्बर बदलले, वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्या बदलल्या, मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलची आणि घसरण रोखणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली नव्याने बसवली, सायलेन्सरही वेगळा दिला. म्हणजे परीक्षकांच्या बोटांनी, पाठीने आणि कानांनी जिथे जिथे खूण केली होती, नेमके तिथेच पान्हे चालले. २०२१ मध्ये पुढच्या पिढीच्या एम-३ आणि एम-४ ला चारही चाकांना शक्ती देणारा पर्याय मिळाला, तोही याच दिशेने.

याउलट कौतुकाचा एक विषय काळात टिकला नाही. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा कार्बन तंतूंचा होता. तो हलका म्हणून परीक्षणांत त्याची फार वाहवा झाली. २०१७ च्या अखेरीस एम-४ मध्ये त्याच्या जागी पोलादी दांडा आला. धुरातले कण अडवणारी गाळणी बसवायला खाली जागा हवी होती, आणि तेवढीच ताकद देणारा कार्बनचा दांडा व्यासाने जाडा असतो. पहिल्या परीक्षकांना २०१४ मध्ये हे कळणे शक्य नव्हते, त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. पहिले परीक्षण पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते, आयुष्याची नव्हे, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आणि स्मृतीचे काय? ‘आधीचीच बरी होती’ हा सूर या घराण्यात प्रत्येक पिढीला ऐकावा लागला आहे. १९९२ मध्ये चारांचे सहा सिलिंडर झाले तेव्हा चारांची आठवण निघाली. २००७ मध्ये सहांचे आठ झाले तेव्हा सहांची. २०१४ मध्ये पुन्हा सहा आले तेव्हा आठांची! आठवणीतल्या गाडीला खड्डे लागत नाहीत. म्हणून ज्या परीक्षकांनी जुनी गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर शेजारी चालवून पाहिली, त्यांची तुलना आम्ही प्रमाण मानतो, आणि ज्यांनी ती आठवणीतून केली, त्यांची निव्वळ मत म्हणून नोंदवतो.

सगळे वजन करून पाहिले तर आमचा कौल अपेक्षेच्या उलट पडतो. आकडे म्हणजे विज्ञान आणि जाणीव म्हणजे लहर, अशी आपली समजूत असते. या परीक्षणांत इंधनाचा आकडा दशांश चिन्हासह छापलेला असूनही तो सर्वांत कच्चा निघाला, कारण परीक्षकाने तो मोजला नव्हता, माहितीपत्रकातून उतरवून घेतला होता. उलट ‘मागची चाके निसटतात’, ‘रस्ता हाताला कळत नाही’ ही वाक्ये आकड्यांवाचून असली तरी ती प्रत्यक्ष निरीक्षणे होती, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या रस्त्यांवर केलेली, आणि त्यांतली पकडीची तक्रार तर पुढे कंपनीच्या स्वतःच्या दुरुस्तीनेच खरी ठरवली. निरीक्षण कोणाचे, कोणत्या परिस्थितीतले आणि दुसऱ्याला पुन्हा तसेच आढळले का, या तीन प्रश्नांवर विश्वास ठरतो. आकडा आहे की शब्द, यावर नाही.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवून थांबतो. मुलांना कोणत्याही वाहनाचे एक परीक्षण आणायला सांगावे. त्यातली वाक्ये तीन रंगांत अधोरेखित करून घ्यावीत. लेखकाने स्वतः मोजलेले हिरवे, स्वतः अनुभवलेले निळे, कंपनीकडून उतरवून घेतलेले लाल. मग लाल वाक्ये झाकून परीक्षण पुन्हा वाचावे आणि किती उरते ते पाहावे. पुढे हीच तीन रंगांची पेन्सिल औषधाच्या जाहिरातीवर, बियाण्यांच्या पत्रकावर आणि निवडणुकीच्या भाषणावरही चालवता येते.